तापीकाठचा रस्ता आणि सालबाईची बोलणी

आमच्या शहाद्यातून एक रस्ता जातो. पूर्वेला धरला की शिरपूर, चोपडा करत बऱ्हाणपूर, आणि पश्चिमेला तळोदा करत अंकलेश्वर. लहानपणापासून आम्ही त्याला 'अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता' असंच म्हणत आलोय. उसाचे ट्रॅक्टर, पपईचे ट्रक, आणि डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा भरली की घोडे घेऊन जाणारे टेम्पो. या पलीकडे या रस्त्याला काही इतिहास असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. इतिहास म्हणजे पुणे, रायगड, पानिपत. खानदेशाचा कसला आलाय इतिहास!

२०२४ च्या दिवाळीत घरी होतो. संध्याकाळी शेजारच्या आबांच्या ओट्यावर बसलो होतो. आबा निवृत्त शिक्षक, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. नुकतीच २३ ऑक्टोबरला रशियातल्या कझान शहरात मोदी आणि शी जिनपिंग यांची भेट झाली होती. देपसांग आणि देमचोकच्या गस्तीवर तोडगा निघाला होता आणि दिवाळीला सीमेवर दोन्हीकडच्या सैनिकांनी एकमेकांना मिठाई दिल्याचे फोटो पेपरात आले होते. आबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "गलवानमध्ये वीस पोरं गेली आपली. चार वर्षांनी आपणच जाऊन हात मिळवायचा? बोलायला जो आधी जातो तो हरलेला असतो, लक्षात ठेव."

मी म्हटलं, "आबा, दोघंही गेले होते."

"तेच ते," आबा म्हणाले आणि चहा मागवला.

विषय तिथेच संपला, पण माझ्या डोक्यातून जाईना. वरचढ होत चाललेल्या सत्तेशी मोडलेली बोलणी पुन्हा सुरू करणं, तेही सीमा आणि सुरक्षिततेसारख्या नाजूक गोष्टींवर, ही काय आज पहिल्यांदा झालेली गोष्ट नाही. मराठी माणसांनी हे केलंय. एकदा नाही, सात-आठ वर्षांत चार-पाच वेळा. आणि त्या गोष्टीतला एक महत्त्वाचा प्रसंग याच तापीच्या खोऱ्यात घडला. तर आज तीच गोष्ट.

सुरुवात रघुनाथरावापासून करावी लागते. नारायणरावांचा खून १७७३ साली झाला. रघुनाथराव पेशवा झाला, बारभाईंनी त्याला हुसकावलं आणि तो इंग्रजांकडे गेला. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी त्याच्याशी सुरतेचा तह केला: आम्ही तुम्हाला गादी देतो, तुम्ही आम्हाला साष्टी आणि वसई द्या. पण इथे एक गंमत होती. १७७३ च्या कायद्यानं मुंबईच्या इंग्रजांवर कलकत्त्याची देखरेख आली होती. कलकत्त्यानं सांगितलं की हा तह आम्हाला मान्य नाही, आणि कर्नल अप्टन नावाचा आपला माणूस थेट पुरंदरला पाठवला. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला.

म्हणजे नाना फडणवीसांपुढे पहिला प्रश्न हाच होता, की इंग्रज म्हणजे नक्की कोण? मुंबईवाले की कलकत्तावाले? एकाशी ठरवलेलं दुसरा मोडतो. पुरंदरचा तहही मुंबईकरांनी मनापासून पाळला नाहीच. रघुनाथराव त्यांच्याच आश्रयाला राहिला. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच माणूस पुण्याला आला आणि नानांनी त्याचं चांगलं स्वागत केलं, तेव्हा तर मुंबईकरांना निमित्तच मिळालं. फ्रेंचांना पश्चिम किनाऱ्यावर एखादं बंदर मिळालं तर काय, ही त्यांची खरी धास्ती. आजच्या भाषेत सांगायचं तर 'तिसऱ्या देशाचा तळ'. ही धास्ती लक्षात ठेवा, पुढे ती तहाच्या कलमात येणार आहे.

मग १७७८ च्या शेवटी मुंबईची फौज रघुनाथरावाला घेऊन पुण्यावर निघाली. हजारो बैलांचं लटांबर घेऊन घाट चढून ती कशीबशी तळेगावापर्यंत आली. वाटेत कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला आपल्या लोकांनी 'इष्टुर फाकडा' म्हणून आठवणीत ठेवलं. (शत्रूला असं लाडाचं नाव देणारे आपण मोठे मजेशीर लोक!) मराठ्यांनी पुढचा मुलूख जाळून ओसाड केला होता, अन्न मिळेना, तेव्हा फौजेनं मोठ्या तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि रात्रीत माघार घेतली. वडगावला तिला घेरलं. जानेवारी १७७९ च्या मध्यावर वडगावचा करार झाला. १७७३ पासून घेतलेलं सगळं परत, रघुनाथराव महादजी शिंद्यांच्या ताब्यात, दोन इंग्रज ओलीस, आणि बंगालहून निघालेली फौज परत फिरवायची.

शाळेत आम्हाला हे शिकवताना सर इथे थांबायचे. विजय! टाळ्या! धडा संपला.

पण ती बंगालहून निघालेली फौज? ती कुठे होती?

ती आमच्याकडे येत होती. :)

१७७८ च्या उन्हाळ्यात काल्पीजवळ यमुना ओलांडून निघालेली ही फौज बुंदेलखंड, भोपाळ करत, मधे सेनापती वारला म्हणून कर्नल गॉडर्डच्या हाताखाली, ३० जानेवारी १७७९ ला बऱ्हाणपूरला पोचली. वडगावच्या कराराला जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्याच्या हातात वडगावहून आलेलं पत्र पडलं: परत फिर. नंतर दुसरं: आधीच्या पत्राकडे लक्ष देऊ नको. त्याला अडवायला पुण्याहून घोडदळ निघालं होतं. गॉडर्डनं ठरवलं की परत फिरायचं नाही, सरळ सुरतेला जायचं. ६ फेब्रुवारीला त्यानं बऱ्हाणपूर सोडलं आणि सुमारे तीनशे मैल वीस दिवसांच्या आत तोडून महिन्याच्या अखेरीला तो सुरतेत दाखल झाला. अडवणारी फौज पोचलीच नाही.

बऱ्हाणपूर ते सुरत हा तापीच्या खोऱ्यातला जुना व्यापारी रस्ता. रावेर, चोपडा, थाळनेर, नंदुरबार, नवापूर. सतराव्या शतकात तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या याच वाटेनं गेला आणि त्यानं मुक्कामांची नावं लिहून ठेवली. माझ्या घराच्या आसपासच्या या पट्ट्यातून ती फौज गेली. नकाशा उघडून हे पाहिलं तेव्हा मी जरा वेळ गप्पच बसलो. वडगावात जे जिंकलं, त्याची किंमत या रस्त्यावर वीस दिवसांत अर्धी झाली. कारण मुंबईची फौज हरली होती, कलकत्त्याची नव्हे. आणि आता कलकत्त्याची फौज सुरतेत बसली होती.

कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यानं वडगावचा करार झटकून टाकला. पण लगेच लढाई केली नाही, हे महत्त्वाचं. त्यानं गॉडर्डला पुण्याशी बोलणी सुरू करायला सांगितलं: पुरंदरचा तह पुन्हा मान्य करा, फक्त त्यात फ्रेंचांना थारा न देण्याचं कलम घाला. १७७९ चा पावसाळा या पत्रापत्रीत गेला. दरम्यान महादजींच्या माणसांच्या पहाऱ्यात झाशीकडे निघालेला रघुनाथराव नर्मदेवर निसटला आणि गॉडर्डच्या आश्रयाला पोचला. नानांनी निरोप पाठवला की साष्टी परत द्या आणि रघुनाथराव आमच्या हवाली करा, मग बोलू. बोलणी मोडली.

पुढची दोन वर्षं लढाई. तिचे तपशील सांगत बसत नाही, पण हिशेब असा. नानांनी हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणून मोठी फळी उभी केली. सप्टेंबर १७८० मध्ये हैदरनं कर्नाटकात पोलिलूरला इंग्रजांचा असा पराभव केला की मद्रास हादरलं. इकडे इंग्रजांनी अहमदाबाद, ग्वाल्हेर, वसई घेतली. पण एप्रिल १७८१ मध्ये बोरघाटातून परतताना गॉडर्डची फौज मराठ्यांनी झोडपून काढली. निजामाला इंग्रजांनी गुंटूर परत देऊन गप्प केलं, भोसल्यांना पैसे देऊन. आणि माळव्यात फेब्रुवारी १७८१ मध्ये सिप्रीजवळ महादजींना फटका बसला.

म्हणजे दोघंही दमले होते. हेस्टिंग्जचा खजिना रिकामा, मद्रास धोक्यात. महादजींचा मुलूख धोक्यात. आता आबांना मी विचारतो, यात आधी बोलायला कोण गेलं? १३ ऑक्टोबर १७८१ ला महादजी आणि कर्नल म्यूर यांचा समझोता झाला, त्यात महादजींनी पुणे आणि कंपनी यांच्यात मध्यस्थी करायचं ठरलं. मग हेस्टिंग्जचा वकील डेव्हिड अँडरसन महादजींच्या छावणीत येऊन राहिला. महिनोन् महिने घासाघीस. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेला सालबाई नावाच्या गावी तह झाला.

तहात काय होतं? पुरंदरनंतर इंग्रजांनी घेतलेलं वसईसकट सगळं परत. साष्टी मात्र इंग्रजांकडेच. भडोच महादजींना. रघुनाथरावाला दरमहा २५,००० रुपये आणि त्यानं राजकारण सोडायचं. (तो कोपरगावला जाऊन राहिला आणि डिसेंबर १७८३ मध्ये वारला.) पेशव्यांनी इतर युरोपियनांना नव्या वखारी काढू द्यायच्या नाहीत. हीच ती फ्रेंचांची धास्ती, आता कलम झालेली. हैदरनं अर्काटचा घेतलेला मुलूख परत करायचा आणि ते पेशव्यांनी करवून घ्यायचं. आणि दोन्ही बाजूंचा जामीन कोण, तर महादजी शिंदे.

नानांना हा तह टोचत होता. हैदरला एकटं टाकायचं कसं? त्यांनी पुण्याची मंजुरी रोखून धरली. ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला, आणि मग फेब्रुवारी १७८३ पर्यंत मंजूर कागदांची अदलाबदल पार पडली. काही लोक याला नानांची चतुराई म्हणतात, काही लोक दगाबाजी. मला वाटतं ते एक अवघड गणित होतं आणि नानांनी त्याचं उत्तर शक्य तितकं लांबवलं.

आता मूळ प्रश्न. ही बोलणी म्हणजे हार होती का?

माझं उत्तर: नाही. सालबाईनंतर वीस वर्षं मराठे आणि कंपनी यांच्यात युद्ध झालं नाही. १७८२ मध्ये असं कुणाला वाटलं असतं का? त्या वीस वर्षांत महादजी दिल्लीचे कर्तेकरविते झाले, द बॉइनकडून कवायती पलटणी उभ्या केल्या. पुण्याला रघुनाथरावाचा ससेमिरा सुटला. हे सगळं बोलण्यामुळे मिळालं. मोडलेली बोलणी चार वेळा पुन्हा जोडायला धीर लागतो, आणि तो नाना-महादजींकडे होता. एकमेकांचा भरवसा नसताना होता, हे विशेष.

पण मग गाडी कुठे अडली?

माझ्या समजुतीनं ती तहाच्या कलमांत अडली नाही, तहानंतरच्या वीस वर्षांत अडली. त्या काळात दोन्ही बाजू एकमेकांबद्दल काय शिकत होत्या ते पाहा.

कंपनीला पुण्यात कायमचा माणूस हवा होता. चार्ल्स मॅलेट. महादजींना हे नको होतं, कारण सगळी बोलणी त्यांच्यामार्फत चालत होती. म्हणून मॅलेट आधी १७८५ मध्ये उत्तरेत त्यांच्या छावणीत गेला, त्यांची संमती मिळवली, आणि मार्च १७८६ मध्ये पुण्यात आला. मुळा-मुठेच्या संगमावर त्यानं ठाण मांडलं आणि १७९७ पर्यंत, अकरा वर्षं, तो तिथे होता. पुण्यात असताना मी संगम पुलावरून शंभर वेळा गेलो असेन, पण तिथे कधी काळी हे दुकान होतं हे डोक्यात नव्हतं. मॅलेट काय करायचा? पत्रं लिहायचा. दरबारात कोण कुणावर रुसलंय, कोण आजारी आहे, फौज कुठे निघालीय, कर्ज किती झालंय. त्याच्या आणि नंतरच्या रेसिडेंटांच्या या पत्रव्यवहाराचे खंडच्या खंड पुढे जदुनाथ सरकार आणि रियासतकार सरदेसाई यांनी संपादित करून छापले. मॅलेट गेला, पामर आला, मग क्लोज, मग एल्फिन्स्टन. माणूस बदलला पण दप्तर तेच. एल्फिन्स्टन पुण्यात आला तेव्हा त्याच्या हाताशी मागच्या पंचवीस वर्षांची पत्रं होती.

आणि आपण? कलकत्त्यात पुण्याचा वकील होता, लाला सेवकराम, आणि तो बातम्या पाठवायचा. नागपूरकरांचा वकील बेनीराम पंडित हेस्टिंग्जच्या इतका जवळ गेला, की १७८१ मध्ये बनारसच्या चेतसिंगाच्या बंडात हेस्टिंग्ज चुनारला अडकला तेव्हा बेनीराम आणि त्याच्या भावानं त्याला एक लाख रुपये देऊ केले. वकील कुणाचा, हा प्रश्नच पडावा! आणि लंडन? जिथे कंपनीचे मालक बसत, जिथे पार्लमेंटात कंपनीवर टीका होत होती, तिथे नानांनी कुणाला पाठवलं नाही. तिथे मराठी माणूस गेला तो १७८१ च्या सुमाराला, हणमंतराव, आणि तो गेला रघुनाथरावाकडून. एडमंड बर्कनं त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं, सोवळ्यानं स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतली काचेची खोली दिली. एवढा भला माणूस तिकडे भेटला, आणि ती ओळख पुणे दरबाराच्या काही उपयोगाची नव्हती.

पुण्याकडे कागद कमी होते असं नाही. पेशवे दप्तर केवढं प्रचंड आहे ते सर्वांना माहीत आहे. नानांचं खाजगी दप्तर वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात होतं. पण कंपनीशी कसं बोलायचं, कुठे ताणायचं, कुठे सोडायचं, हे शहाणपण दोन डोक्यांत होतं. एक नानांचं, एक महादजींचं. माझ्या कामाच्या ठिकाणी एकदा असं झालं होतं. एक सीनियर सोडून गेला आणि एक अख्खं मॉड्यूल कुणालाच समजेना. कोड होता, कॉमेंट्ससुद्धा होत्या, पण असं का लिहिलंय हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. आम्ही तीन आठवडे डोकं फोडलं. आमचं तीन आठवड्यांवर भागलं. पुण्याचं नाही भागलं.

महादजी फेब्रुवारी १७९४ मध्ये गेले. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये. नाना १३ मार्च १८०० रोजी. त्यानंतर अडीच-पावणेतीन वर्षांत सगळं आटोपलं. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव कोकणात पळाला, तिथून इंग्रजांच्या जहाजानं वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तह केला. तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख हे तर होतंच. पण मला सगळ्यात जास्त लागतं ते दुसरं कलम: कंपनीला विचारल्याशिवाय पेशव्यानं इतर कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत. नानांनी पंचवीस वर्षं जी एक गोष्ट हातातून सोडली नव्हती, कुणाशी बोलायचं आणि कधी बोलायचं हे स्वतः ठरवणं, तीच बाजीरावानं लिहून दिली. आणि कुठे? तर सालबाईच्या बोलण्यांतून परत मिळवलेल्या वसईत.

त्याची किंमत आमच्या खानदेशानंही मोजली. १८०२ ते १८०४ या काळात फौजांची लूट आणि वर दुष्काळ, गावंच्या गावं उठली. शहादा तालुक्यातलं सुलतानपूर एकेकाळी परगण्याचं ठिकाण होतं, आज ते एक छोटं गाव आहे. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानं होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला. २७ फेब्रुवारीला थाळनेरच्या किल्ल्यात चकमक झाली आणि इंग्रज सेनापती हिस्लॉपनं किल्लेदाराला फाशी दिलं. ज्या तापीच्या वाटेनं गॉडर्ड घाईघाईत निघून गेला होता, त्याच वाटेवर आता कंपनी मुक्कामाला आली.

आणि लंडनला वकील? तोही गेला, सातारकर छत्रपतींचा. रंगो बापूजी. १८५३ पर्यंत, दहा वर्षांहून जास्त काळ, तो तिथे एकटा अर्ज-विनंत्या करत राहिला. माणूस हुशार, चिकाटीचा. फक्त तोवर मागे राज्य उरलं नव्हतं.

आता तुलना लंगडी असते हे मला मान्य आहे. चीन म्हणजे कंपनी नाही आणि आजचा भारत म्हणजे १८०२ चं पुणं नाही. पण डिसेंबर २०२४ मध्ये डोभाल आणि वांग यी पाच वर्षांच्या खंडानंतर सीमेच्या प्रश्नावर विशेष प्रतिनिधी म्हणून बीजिंगमध्ये भेटले, ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा दिल्लीत, तेव्हा मला 'आधी कोण गेलं' यापेक्षा दुसरेच प्रश्न पडले. आपल्याकडे चिनी भाषा येणारी माणसं किती तयार होतायत? मागच्या फेऱ्यांत आपण कुठे फसलो हे नव्या माणसाला कोण सांगतं? चीनमध्ये राजदूत राहिलेले माजी परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी चीन भारताशी वाटाघाटी कशा करतो यावर २०२१ मध्ये 'द लाँग गेम' हे पुस्तक लिहिलं. कुणीतरी हे लिहून ठेवतंय याचं मला बरं वाटलं.

पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा हे सगळं आबांना सांगितलं. गॉडर्ड या वाटेनं गेला म्हटल्यावर ते सरसावून बसले. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे बोलायला जाणं वाईट नाही म्हणतोस."

"नाही आबा. पण घरी आल्यावर काय झालं ते लिहून ठेवलं पाहिजे."

"मग तू हे लिही," आबा म्हणाले. "आणि थाळनेरच्या किल्लेदाराचं नाव घालायला विसरू नको. तुळशीराम."

घातलं, आबा.